गुडघ्यावरून निवडलेली पेटी

ग्रेमाउथ, न्यूझीलंड
३ ऑगस्ट २०२५

महारुद्रदादा,

शरणार्थ. घरात सगळे धडधाकट आहेत, हे आधीच सांगते. मी लांब पत्र लिहिते तेव्हा कोणीतरी दवाखान्यात असतं, असं वहिनी म्हणते ना!

प्रियांकाचं लग्न ठरलं ते तुला कळलंच. सहा फेब्रुवारी, जिंतूर. मुलगा परभणीचा, इथे वेलिंग्टनला तिच्याच ऑफिसात. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. अडचण एकच आहे, आणि ती माझ्याच घरात सोफ्यावर बसलेली आहे.

माझ्या सासरच्या, चुडाव्याच्या मंडळींत मुलीच्या मंगळसूत्रात एक मणी बापाच्या हातचा असतो. बाकीचे बाप सोनाराकडे जातात, मणी करून आणतात, झालं. पण प्रियांका सात वर्षांची असताना हे तिला इथल्या नदीवर घेऊन गेले होते. इथे काही नद्यांच्या काठी सरकारनं जागाच राखून ठेवल्यात. कोणीही जावं, हातानं वाळू धुवावी, सोन्याचा कण सापडला तर आपला. लोक डबे घेऊन सुट्टीला जातात. त्या दिवशी पोरीला मोहरीच्या पाव भागाएवढा कण सापडला आणि हे बोलून बसले, "बाळा, तुझ्या लग्नातला मणी मी इथूनच काढणार." कण त्याच दिवशी गाडीत हरवला. शब्द काही हरवला नाही. परवा फोनवर प्रियांका गमतीनं म्हणाली, "बाबा, मणी?" मी हसले. हे हसले नाहीत.

तर आता यांना स्लूस बॉक्स घ्यायचाय. म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली पन्हळ. तळाला आडव्या पट्ट्या. वाहत्या पाण्यात ठेवायची, वरून वाळू सोडायची. वाळू निघून जाते, जड सोनं पट्टीआड बसतं. तीन पसंत पडल्यात. एक चार फुटी, ॲल्युमिनियमची, दणकट. एक प्लास्टिकची, घडी होणारी. आणि एक तीन फुटांच्या आतली, अरुंद, तळाला रबरी गादीवाली. दुकानदार चौथीच गळ्यात मारायलाय, मोटारपंपाची. पण राखीव जागेत मोटार चालत नाही, जे काय ते हातानं. तीन आठवडे झाले, जेवताना हेच. मी दिवसभर वृद्धाश्रमात नर्सचं काम करून येते आणि घरी येऊन रबरी गादीवर व्याख्यान ऐकते.

मला एकदम आठवलं. मानवतला सराफ गल्लीत पहाटे एक बाई नाली धुवायच्या. सुलाबाई. आहेत का रे अजून? विचारशील त्यांना?

तुझी
शिवकन्या

---

मानवत
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवकन्येस कपाळी विभूतीचं बोट टेकवून आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही, दुसऱ्यांदा विश्वास बसला नाही, तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. नेहमीप्रमाणे मी शाईनं लिहितो आहे, ती फोटो काढून धाडेल. फोटोत तिचा अंगठा आला तर तो मजकुराचा भाग समजू नये.

सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो आहे. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी विचारलेला सर्वांत गहन प्रश्न म्हणजे 'सर, हे परीक्षेला आहे का?' त्या मानाने तुझा प्रश्न उपनिषदांच्या तोडीचा. यंत्राचं नामकरण मी करून टाकलं आहे: सुवर्णप्रणाल. मंगेशरावांनी दुकानात हेच नाव उच्चारावं. दुकानदार घाबरून मोटारपंप परत आत ठेवेल.

आता सुलाबाई. आहेत. झारेकऱ्यांच्या घरच्या त्या. सोनारांच्या उंबऱ्याबाहेरची धूळ आणि नालीतला गाळ गोळा करायचा, तो धुऊन त्यातला सोन्याचा चुरा काढायचा, हा पिढ्यान्पिढ्यांचा धंदा. मी त्याच गल्लीतून शाळेला जातो, त्यांच्या टोपलीला वळसा घालून. सव्वीस वर्षांत एकदाही थांबलो नव्हतो. मंगळवारी थांबलो, तर त्यांनी झाडू खाली ठेवला.

"काय हरवलं मास्तर?"

"हरवलं नाही. जरा विचारायचं होतं. सोन्याचं."

"आता? ह्या वयात?"

दत्तराव सोनार दुकानाचं शटर वर करता करता थांबले. उद्या साऱ्या मानवतला कळणार की स्वामीमास्तर नालीत उतरले. मी दत्तरावांच्याच पायरीवर बसलो आणि सुलाबाईंना मोबाइलवर तिन्ही पेट्या दाखवल्या. दुकानाच्या झाडलोटीपलीकडे आयुष्यात काही न पाहिलेली बाई समजून मी सोपं करून सांगायला लागलो. त्यांनी मला दुसऱ्याच वाक्याला अडवलं.

"पन्हळ हाय. आमच्याकडं लाकडाची हाय. पुढं बोला. पानी किती जोराचं? वाळू बारीक का गोटा? सोनं मोहरीवानी का पिठावानी?"

मी तिन्ही प्रश्नांत नापास झालो. पीठ असावं, असं अंदाजानं म्हणालो. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारला.

"पावन्याचे गुडघे कसे हायत?"

मला वाटलं, चौकशी करताहेत. म्हणालो, "बरे आहेत. जिना उतरताना कुरकुरतात."

"मग धाकली पेटी घ्या म्हनावं. ती चार फुटी चांगली हाय, पन दगडधोंड्यातून खांद्यावर न्यावी लागंल. दोन खेपा न्हेईल. तिसऱ्या खेपंला पेटी बी घरी अन् पावना बी घरी. पेटी सोनं धरत न्हाई मास्तर. उकिडवं बसनारा मानूस धरतो."

शिवकन्ये, मंगेशराव तीन आठवडे जे ठरवू शकले नाहीत ते या बाईंनी गुडघ्यावरून दीड मिनिटात ठरवलं. पुढची सूत्रं जशीच्या तशी देतो. पट्टीच्या मागे काळी वाळू नाचत राहिली पाहिजे. बसून राहिली तर उतार कमी, पळून गेली तर जास्त. रबर काढून ठेवावं. सोनं पिठासारखं असेल तर तळाला घोंगडी अंथरावी, खरबरीत लोकरीची. केसात कण गुंततो तो सुटत नाही. तुझ्याकडे तुझ्या वडिलांनी, कल्याणआप्पांनी दिलेली आहेच.

आणि शेवटचं: "सोनं धरायला पाऱ्याच्या नादी लागू नका म्हनावं, पारा अंगाला खातो. माजी बोटं बघा." मी पाहिली. इतकी वर्षं मी फक्त टोपली पाहत आलो होतो.

तुझा
महारुद्रदादा

---

ग्रेमाउथ
३१ ऑगस्ट २०२५

दादा,

धाकटी पेटी आली! दुकानात यांनी पेटी खाली ठेवली आणि तिच्यापुढे उकिडवे बसून पाहिलं. दुकानदाराला वाटलं यांना चक्कर आली, तो पाणी घेऊन धावला.

घोंगडी कापली. विमानतळावर आप्पांनी ती माझ्या खांद्यावर टाकली होती, "तिकडं थंडी लय असती" म्हणून. वीस वर्षं मी तिच्यावर बसून शिवपूजा करते. कात्री मीच लावली. तीन फुटांचा पट्टा यांना दिला, उरलेल्यावर मी बसते. आप्पा असते तर म्हणाले असते, "आता अर्धी मांडी घाल."

काल पहिला शनिवार. मला ड्युटी होती, हे एकटेच गेले. पेटी पाण्यात ठेवली, दोन्ही बाजूंनी दगड लावायचे विसरले. पेटी निघाली प्रवासाला. हे मागोमाग, पँट गुडघ्यापर्यंत. खाली वळणावर एक गोरे आजोबा गळ टाकून बसले होते, त्यांनी ती पायानं अडवली आणि म्हणे अगदी शांतपणे विचारलं, "तुमची होडी का?"

संध्याकाळी घोंगडी बादलीत खळबळून दोन कण निघाले. बाटलीत ठेवलेत. बाटली मोठी दिसते.

यांनी म्हणे तुझ्याकडून सुलाबाईंचा नंबर घेतला. दोघं व्हिडिओवर अर्धा अर्धा तास बोलायलेत. मी जवळ गेले की गप्प. या वयात मला हे दिवस बघायचे होते.

शिवकन्या

---

ग्रेमाउथ
२१ सप्टेंबर २०२५

महारुद्रराव यांस मंगेशचा शरणार्थ.

मी पत्र लिहिणारा माणूस न्हाई. चुडाव्याला असताना एकच पत्र लिहिलं, लग्नाआधी शिवकन्येला, त्यात दहा ओळी आणि अकरा चुका होत्या. तिनं अजून जपून ठेवलंय आणि भांडणात काढती. म्हणून हे वाचून फाडून टाका. फोटो असंल तर काय फाडता ते तुमी बघा.

सुलाबाईंनी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, दर खेपेला घोंगडं धुवायचं न्हाई. थोडं थोडं धुतलं की जेवढं हाती येतं तेवढंच धुण्यात जातं. त्या स्वतः चार-चार महिने गाळ साठवतात, मग एकदाच धुतात. म्हणून मी आता दर शनिवारी नदीवरून आलो की घोंगडी आहे तशी वाळवतो, गुंडाळतो, गॅरेजमध्ये गोणीत ठेवतो. तीन शनिवार झाले. जड लागायलीय, महारुद्रराव. उन्हात धरली तर केसात चमकतं.

शिवकन्येला सांगितलं न्हाई. तिला म्हणतो, काही मिळंना. लक्ष्मीपूजनाला प्रियांका घरी येणार हाय. तिच्यासमोर एकदाच उलगडणार. दिवाळीनंतर आमच्या दुधाच्या कारखान्यात हंगाम भरात येतो, सगळे शनिवार कामाचे. म्हणजे जे काय हाय ते ह्याच सहा शनिवारांत. लेकीला दिलेला शब्द त्या गोणीत हाय म्हणा.

तुमी बोलू नका. तुमाला बोलल्याशिवाय राहवत न्हाई हे मला माहीत हाय, तरी.

मंगेश

---

ग्रेमाउथ
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

यांचं काही खरं नाही. दर शनिवारी जातात, ओले होऊन येतात. विचारलं की म्हणतात, "काही मिळंना." त्या बाटलीत अजून तेच दोन कण. मी म्हटलं, अहो, साधा मणी करून घालू, पोरीला काय कळतंय. तर म्हणाले, "मला कळतंय ना." आणि वरून शीळ घालत गॅरेजमध्ये गेले. दुःखातला माणूस शीळ घालतो का? मला तर हा चेहरा बघवत नाही.

प्रियांका दिवाळीला यायलीय. अठराला हे तिला आणायला क्राइस्टचर्चच्या विमानतळावर जातील, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. मी सुट्टी घेतलीय. घर एकटीच्या ताब्यात! पडदे, गोधड्या, माळा, गॅरेज, सगळं धुऊन काढणार आहे. जिंतूरला आई चन्नबसम्मा दिवाळीआधी भिंतीसुद्धा घासायची, आठवतं ना?

चकलीची भाजणी वहिनीला विचारून सांग. माझी मऊ पडते.

शिवकन्या

---

मानवत
११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शिवकन्येस आशीर्वाद.

भाजणीचं प्रमाण सोबत, वहिनीच्या हस्ताक्षरात. तिनं 'अंदाजे' हा शब्द सात वेळा लिहिला आहे. मी मोजले.

मंगेशरावांच्या शिट्टीबद्दल मी काही बोलणार नाही. मला काही माहीत आहे असंही नाही, नाही असंही नाही. इतकं सांगतो की दुःखी माणूस सहसा सुरात शीळ घालत नाही. पुढे विचारू नकोस. माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली जावयाकडे आहे.

तुझ्या स्वच्छतेच्या संकल्पाचं मात्र कौतुक वाटलं. माझ्या आत्याचं, म्हणजे तुझ्या आईचं, तेच. एका दिवाळीला तिनं माझं संस्कृतचं व्याकरण धूळ खातं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं होतं. त्या पानांवरचे नियम मला अजून धूसरच येतात. तुझ्या अंगात तीच आहे. कोपरा न् कोपरा काढ. गॅरेजसुद्धा सोडू नकोस. परदेशात राहून हा संस्कार टिकवलास, ऊर भरून आला.

महारुद्रदादा

---

ग्रेमाउथ
१९ ऑक्टोबर २०२५, सकाळी

दादा,

माझं काहीतरी चुकलंय आणि काय ते कळत नाही.

काल हे विमानतळावर गेले आणि मी पदर खोचला. गॅरेजमध्ये एका गोणीत आप्पांच्या घोंगडीचा तो पट्टा सापडला. दादा, काय अवस्था! चिखलानं नुसती ताठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं ज्यावर पूजा केली ते असं गोणीत कोंबलेलं. नदीवरच्या नदीवर यांना धुता येत नव्हती का? मी ती बाहेर धुण्याच्या जागी फरशीवर टाकली, साबण चोळला आणि यांच्या क्रिकेटच्या बॅटनं धोपटली. जिंतूरच्या नदीवर धोपटायचो तशी. काळं काळं पाणी निघालं. चार पाण्यांनी लख्ख केली. सगळं पाणी भिंतीजवळच्या जाळीच्या खड्ड्यात गेलं. इथे घराचं सांडपाणी आधी त्या खड्ड्यात पडून साचतं, मग वरचं पुढे पाइपात जातं. म्हणजे चिखलसुद्धा कुठे राहिला नाही.

संध्याकाळी प्रियांका आली. मिठ्या मारून झाल्या. हे गॅरेजकडे गेले आणि दोरीवर घोंगडी पाहून तिथेच उभे राहिले. मग पायरीवर बसले. मी म्हटलं, "बघा, कशी झाली?"

हे म्हणाले, "लय छान धुतलीस."

बस, एवढंच. जेवले नाहीत. रागावले असते तर बरं होतं, दादा. तीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडला नाही असं नाही. पण काल नुसते माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसणं मला सहन होईना.

तुला काही माहीत आहे का? आता कुलूपबिलूप नको.

शिवकन्या

---

मानवत
१९ ऑक्टोबर २०२५, दिवेलागणीला

शिवकन्ये,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच. तू झोपलेली आहेस, फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. हे पत्र तुझ्या पहाटेला तुझ्या हाती पडलं पाहिजे.

त्या घोंगडीत सहा शनिवारांचं सोनं होतं.

मंगेशराव ती मुद्दाम धूत नव्हते. प्रियांकासमोर लक्ष्मीपूजनाला उलगडणार होते. मला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून 'गॅरेजसुद्धा सोडू नकोस' असं मी तुला शाईनं लिहून दिलं. कोपऱ्यान् कोपऱ्याचं कौतुक करणाऱ्या या पंडिताला त्यातला एक कोपरा तरी आठवायला नको होता का! तुझी वहिनी दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

आता रडू नकोस, कारण मी सुलाबाईंकडे जाऊन आलो आहे. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. बॅट आली तिथे त्या हसल्या. जाळीचा खड्डा आला तिथे ताडकन उठून बसल्या.

"खड्डा हाय? खड्ड्यात पानी साचून ऱ्हातं?"

"तसं लिहिलंय."

"मग सोनं कुटं जातंय मास्तर? ते जड हाय. माती जाती, पानी जातं, ते बूड धरून बसतं. माजं सारं आयुष्य कशावर चाललंय? नालीतच असतं ते!" मग म्हणाल्या, "साबन लावला ते लय बेस केलं. नदीचं पीठ-सोनं तेलकट झालं की पान्यावर तरंगतं. साबनानं बुडतं. पोरीला रागावू नका म्हनावं, तिच्या साबनानं राखलं."

त्यांच्या आज्ञा:

खड्ड्यात आता थेंबभर पाणी सोडायचं नाही. भांडी नाही, धुणं नाही. आंघोळ नाही. होय, उद्या नरकचतुर्दशी आहे आणि पहाटे अभ्यंगस्नान चुकवलं की नरक ठरलेला, असं शास्त्र सांगतं. धर्मशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला मी लिहून देतो की उद्या कोणी आंघोळ करायची नाही. पाप मानवतच्या पत्त्यावर पाठवावं.

खड्ड्यातलं वरचं पाणी वाटीनं अलगद काढा. तळाचा गाळ हातानं, शेवटचा चिमटाभरसुद्धा, बादलीत घ्या. मग पेटी अंगणात तिरकी लावा, घोंगडी अंथरा, नळीनं पाणी सोडा आणि गाळ मुठीमुठीनं. तुमच्या सकाळी साडेअकराला आमचे पहाटेचे चार वाजतील. सुलाबाई माझ्या घरी येऊन व्हिडिओवर बसणार आहेत. गल्ली झाडायला त्या तशाही त्याच वेळी उठतात. मी उठतो की नाही यावर त्यांनी शंका व्यक्त केली.

मंगेशरावांना सांग, किल्ली परत घ्या, कुलूप मोडलं.

दादा

---

ग्रेमाउथ
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

दादा,

ओवाळलं असं समज. तबकात काय आहे ते शेवटी सांगते.

तुम्ही दोघांनी व्हिडिओवर पाहिलंच, पण तुझा फोन अर्धा वेळ छताकडे होता, म्हणून लिहिते. तुझं पत्र पहाटे वाचलं आणि मी यांच्याकडे धावले. हे अभ्यंगासाठी अंगाला तेल लावून मोरीकडे निघाले होते. मी दारात आडवी आले. "आंघोळ करायची नाही!" म्हटलं. "दादानं लिहून दिलंय." यांना वाटलं मी वेडी झाले. मग पत्र वाचून दाखवलं. हे तसेच, तेलानं चकाकत, खाली बसले आणि दादा, एवढे हसले, एवढे हसले की प्रियांका उठून आली.

"म्हणजे तू वाहून न्हाई घालवलंस," म्हणाले. "एका जागी गोळा करून ठेवलंस."

मग तिघं बिनआंघोळीचे खड्ड्याभोवती. शेजारची डायना कुंपणावरून विचारायला लागली, पाइप तुंबला का, प्लंबर बोलावू का. प्रियांका म्हणाली, "नको, आज आमचा सण आहे." ती बिचारी शुभेच्छा देऊन आत गेली.

गाळ अर्धी बादली निघाला. त्यात एक चमच्याचा दांडा, चार गुंड्या, आणि दादा, माझी नाकातली चमकी! नऊ वर्षांपूर्वी हरवली होती. तेव्हा मी डायनाच्या मांजरावर आळ घेतला होता. तिची आता माफी मागायची कशी?

पुढचं तू ऐकलंस. हे घाईनं मुठी टाकायला लागले आणि फोनमधून आवाज आला, "ओ पावनं! भाकरीला पीठ घेता का? चिमटीनं! अन् खाली बसा, उभ्यानं काय देवाला पानी घालायलात?" हे उकिडवे बसले. प्रियांका शेजारी बसली, नळी धरून. पट्टीमागे काळी वाळू नाचायला लागली. सुलाबाई म्हणाल्या, "आता गप बसा. तिला नाचू द्या." आम्ही सगळे गप्प. तू पण. हे मी खास लिहून ठेवते.

आणि मग आप्पांच्या घोंगडीच्या काठाला पिवळी रेघ उमटली. हळदीच्या बोटानं ओढावी तशी. बारीक, सलग.

प्रियांकानं नळी खाली ठेवली, बापाच्या तेलकट खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "बाबा, मी तर गमतीनं म्हटलं होतं."

हे म्हणाले, "मी न्हाई."

संध्याकाळी चारला आमचं अभ्यंगस्नान झालं. तबकात तुझ्यासाठी चकली आहे. कडक झाली.

शिवकन्या

ता. क. सुलाबाईंना काय द्यायचं? मी विचारलं तर म्हणाल्या, "लग्नाला बोलवा. माजं मला मिळंल."

---

मानवत
२२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. शिवकन्येस विभूतीचं बोट, आणि या वेळी त्या विभूतीत आठवड्यापूर्वीच्या उपवासाचं पुण्य आहे असं समज. शिवरात्रीचा माझा उपवास वहिनीच्या मते साबुदाण्याच्या वजनावरून मोडीत निघाला होता.

तुम्ही विमानात बसून आठवडा झाला आणि घर मोठं वाटायला लागलं. लग्नात तू नवऱ्यामुलीच्या आईची कामं करत होतीस, त्यामुळे काही गोष्टी तुझ्या पाहण्यात आल्या नसतील. त्या लिहून ठेवतो.

चार तारखेला मंगेशराव आणि मी दत्तरावांच्या दुकानात मणी करायला गेलो. सुलाबाई पायरीवर. दत्तरावांनी काट्यात घातलं, साडेतीन गुंजा भरलं. गुंजेच्या एका लाल बीपेक्षाही लहान, एवढासा मणी होतो त्याचा. पण मंगेशरावांचा चेहरा असा होता, जणू मेरू पर्वत तोलला. मणी ओतला, ठोकला, भोक पाडलं. मग दत्तरावांनी कानशीनं तो घासायला घेतला आणि खालच्या कातड्यावर बारीक पिवळा चुरा पडला, चार कण असतील नसतील. सोनार तो ब्रशनं डबीत गोळा करतो, ही रीत तुला माहीत आहे. दत्तरावांनी ब्रश उचलला. तेवढ्यात मंगेशराव मणी बघायला म्हणून वाकले आणि त्यांनी जोरात फुंकर मारली.

चुरा उडाला. उंबऱ्यापलीकडे.

"अहो!" दत्तराव ओरडले.

"शिंक आली," मंगेशराव म्हणाले. इतकी लांब, नेम धरलेली शिंक मी पाहिलेली नाही.

सुलाबाई रस्त्याकडे पाहत होत्या. पाहतच राहिल्या.

लग्नात त्या पहिल्या रांगेत होत्या, ते तू पाहिलंस. तुझ्या व्याह्यांनी मला विचारलं, या कोण? मी म्हणालो, वधूपक्षाच्या गुरू. त्यांनी नमस्कार केला. मंगळसूत्र बांधताना सगळे जोडप्याकडे पाहत होते. सुलाबाई मण्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या शेजारी तुझा नवरा. दोघांचे ओठ सारखेच हलत होते. 'नाचू द्या' म्हणत असावेत.

मंगेशराव सामानातून ती धाकटी पेटी आणून त्यांना देऊन गेले, तिचंही सांगतो. सुलाबाईंनी ती हापशाखाली लावून पाहिली. निकाल असा: "बरी हाय. पन लय चकाकती. नालीला लाज वाटंल." तरी रोज वापरतात, आतून जुनं घोंगडं लावून.

आणि हे मुख्य, जे तुम्हाला सांगायचं म्हणून आज लिहायला बसलो. पाच तारखेच्या सकाळी, लग्नाच्या आदल्या दिवशी, जिंतूरला निघण्याआधी मी शाळेत सही करायला चाललो होतो. गल्लीत सुलाबाई झाडत होत्या. बाकीच्या दुकानांपुढे दोन हात, तीन हात. दत्तरावांच्या उंबऱ्यापुढे मात्र खाली बसल्या, हातानं, चिमटीचिमटीनं, फरशीच्या फटीफटीतून. मी वळसा घालून गेलो नाही. उभा राहिलो. त्यांनी ती धूळ काठवटीत घेतली, डबक्यातलं ओंजळभर पाणी घातलं आणि हलकेच फिरवायला लागल्या. काठवटीच्या कडेला चार कण आले. तुमच्या नदीचे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पावन्याला शिंका चांगल्या येतात."

शाळेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. मुख्याध्यापकांनी हजेरीपटापुढे बसवलं. उशिराचं कारण लिहावं लागतं. सव्वीस वर्षांत माझ्या नावापुढे तो रकाना कोरा होता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: सोनं बघत होतो.

महारुद्रदादा